खेळ सुटल्यावर कोच कसं व्हायचं: हान्सी फ्लिकच्या वाटेवरून

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरहून भाच्याचा फोन आला. सव्वीस वर्षांचा पोरगा, पेठेच्या फुटबॉल संघात हाफला, म्हणजे मधल्या फळीत, खेळायचा. गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बूट खुंटीला टांगायला सांगितलं. "मामा, मैदान सोडवत नाही. पोरांना शिकवावं म्हणतो. कुठून सुरू करू?" त्या रात्री फोनवर जे सांगितलं ते अर्धवट होतं. नंतर मी ते नीट मांडायला बसलो, कारण त्याच्यासारखी पोरं कोल्हापुरात आहेत, मुंबईत आहेत, गोव्यात तर गावागावात आहेत.

मी राहतो हायडेलबर्गजवळ, नेकार नदीच्या खोऱ्यात. नोकरी वेगळी, पण आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि शनिवारी गावच्या क्लबमध्ये बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शिकवतो. इथून टेकडी ओलांडली की म्युकेनलोख हे खेडं लागतं. बायर्न म्युनिक, जर्मनी आणि बार्सिलोना ह्या संघांना शिकवलेला फुटबॉल प्रशिक्षक हान्सी फ्लिक तिथे वाढला. 24 फेब्रुवारी 1965 चा जन्म, त्याच गावच्या क्लबात पहिले बूट, मग नेकारगेम्युंड, मग झांडहाउझेन. सगळं पंचवीस-तीस किलोमीटरच्या टापूत. म्हणून 'खेळ सुटल्यावर काय' असं कोणी विचारलं की माझ्या डोळ्यांसमोर त्याचीच वाट येते. ती लांब आहे, मधे मधे अगदी साधी आहे, आणि तिच्यातले बरेचसे टप्पे तुम्हाआम्हाला जमण्यासारखे आहेत.

आधी आपण कोण होतो ते नीट बघा

फ्लिक 1985 मध्ये बायर्न म्युनिकला गेला. पाच वर्षांत चार वेळा लीग जिंकली, 1986 मध्ये जर्मन कप जिंकला. बुंडेसलिगात बायर्नकडून 104 सामने खेळला आणि गोल केले पाच. त्या संघात नाव होतं लोथार माटेउसचं. फ्लिक त्याच्या आसपासची जागा झाकायचा, सुटलेला माणूस पकडायचा, बॉल काढून घ्यायचा आणि चांगल्या पायांकडे द्यायचा. जर्मनीच्या मुख्य संघात तो एकदाही खेळला नाही. पुढे कलोनला गेला, दुखापतींनी पाठ सोडली नाही, आणि 1993 मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी व्यावसायिक खेळ संपला.

असा हाफ मैदानावर काय शिकतो हे तुम्ही खेळला असाल तर तुम्हाला ठाऊक आहे. फॉरवर्डला गोल दिसतो, बॅकला फॉरवर्ड दिसतो. मधल्या माणसाला मात्र सतत एकच गोष्ट बघावी लागते: ज्याच्या पायात बॉल आहे त्याला आत्ता काय दिसतंय? त्याची मान वर आहे का? पाठ कुठे आहे? कोणता पाय मोकळा आहे? त्यावरून तो पुढे काय करेल ते ओळखायचं आणि दोन पावलं आधी तिथे पोचायचं. मला वाटतं फ्लिकच्या सगळ्या प्रशिक्षणाचं बीज ह्या सवयीत आहे. माझं सगळं सांगणंही तिच्याभोवतीच फिरणार आहे.

तेव्हा पहिलं काम वही घेऊन बसण्याचं. आपण हरलेले पाच सामने आठवा. जिंकलेले नकोत, त्यात माणूस आपल्यावरच खूश असतो. प्रत्येक सामन्यात कुठल्या क्षणी उलटलं ते लिहा, आणि त्या क्षणी आपण कुठे उभे होतो तेही लिहा. फ्लिककडे असा एक सामना आहे. 27 मे 1987, व्हिएन्ना, युरोपियन कपची अंतिम लढत, समोर पोर्तो. कोग्लच्या हेडरवर बायर्न पुढे होतं. शेवटच्या पंधरा मिनिटांत माजेरने टाचेने गोल केला, लगेच जुआरीने दुसरा, आणि कप गेला. फ्लिक त्या संघात होता. त्या सामन्याची चित्रफीत मिळाली तर शेवटची वीस मिनिटं बघा. गोल बघू नका, बायर्नचा मधला पट्टा बघा. आघाडीवर असलेला संघ कसा हळूहळू आपल्याच गोलकडे सरकत जातो आणि बॉलवाल्याला मोकळं सोडतो ते दिसेल. पुढे फ्लिकचे संघ आघाडीवर असतानाही मागे का सरकत नाहीत, ह्याचं उत्तर मला तरी त्या वीस मिनिटांत सापडतं.

ह्याच्याच जोडीला एक सराव सांगतो. टीव्हीवर कुठलाही सामना लावा आणि पंधरा मिनिटं फक्त एका बचावात्मक मिडफिल्डरकडे बघा. बॉल कुठेही जाऊ दे. तो मान किती वेळा फिरवतो ते मोजा. आठवड्याला एक सामना असा बघितलात तरी तीन महिन्यांत तुमचा डोळा बदलतो. मैदानाजवळ उभं राहून बघता आलं तर फारच उत्तम, कारण कॅमेरा बॉलच्या मागे धावतो आणि आपल्याला हवी असलेली जागा नेमकी चौकटीबाहेर राहते.

छोटी जागा धरा आणि तिथे टिका

बायर्नकडून युरोपियन कपची फायनल खेळलेला माणूस 1996 मध्ये कुठे प्रशिक्षक झाला? बामेन्टालला. एल्झेन्त्स नदीकाठचं छोटं गाव, फिक्टोरिया बामेन्टाल हा तिथला क्लब. तो खेळायचाही आणि शिकवायचाही. गावात त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं, ते पुढे कितीतरी वर्षं चाललं.

मी त्या मैदानावर आमच्या पोरांना घेऊन गेलोय. कडेला लोखंडी कठडा आणि एका अंगाला क्लबघर, तिथे सामन्यानंतर कॉफी आणि घरून आणलेले केक मिळतात. अशा ठिकाणी प्रशिक्षक फक्त डावपेच आखत नाही. जाळी फाटली की बांधतो, बॉलमध्ये हवा भरतो, कोणाची नोकरी रात्रपाळीची आहे ते लक्षात ठेवतो, आणि शनिवारी अकरा माणसं येतील ना ह्या काळजीत शुक्रवारी रात्री जागतो. चार वर्षं त्याने हे केलं. मग 2000 मध्ये होफेनहाइमला गेला. तो क्लबही तेव्हा चौथ्या पातळीवर होता. पहिल्याच मोसमात संघ वर चढला आणि तो तिथे 2005 पर्यंत राहिला. म्हणजे जवळजवळ दहा वर्षं, टीव्हीच्या दिव्यांपासून दूर.

तुम्हीही हेच करा. मोठ्या अकादमीत 'असिस्टंट' म्हणून शंकू लावत उभं राहण्यापेक्षा एक संघ पूर्ण आपला घ्या. शाळेचा घ्या, गल्लीचा घ्या, तालमीच्या ज्युनिअर पोरांचा घ्या. निदान दोन मोसम त्यांना सोडू नका. पहिल्या मोसमात तुम्ही फक्त स्वतःच्या चुका बघत असता. मुलं दिसायला लागतात ती दुसऱ्या मोसमात.

कागदही हवा. भारतात सुरुवात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या डी लायसन्सपासून होते, पुढे आशियाई महासंघाची सी, बी, ए आणि प्रो अशी चढण आहे. महाराष्ट्रात हे वर्ग राज्य संघटनेमार्फत, म्हणजे वायफामार्फत होतात. तारखांसाठी तिथेच विचारत राहा आणि जागा भरायच्या आत अर्ज करा. "मी इतकी वर्षं खेळलोय, मला कोर्स कशाला?" हे वाक्य मी मराठीतही ऐकलंय आणि जर्मनमध्येही. बायर्नचा माजी खेळाडू असूनही फ्लिक वर्गात बसला, परीक्षा दिली आणि सर्वोच्च परवाना घेतला. खेळता येणं आणि खेळ समजावून सांगता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम मला कोर्समध्येच कळलं. वीस मिनिटांचा सराव घ्यायला सांगितलं होतं आणि त्यातली बारा मिनिटं मी बोलत होतो. परीक्षकाने घड्याळ दाखवलं. तेव्हापासून मी सूचना तीस सेकंदांत संपवतो. जमत नसेल तर तो सराव अजून माझ्याच डोक्यात नीट बसलेला नाही असं समजतो.

दुसऱ्या क्रमांकाची खुर्ची

हा टप्पा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आपल्याकडे त्याला मान नाही.

2006 मध्ये फ्लिक काही महिने साल्झबर्गला जोव्हानी ट्रापाटोनी आणि माटेउसच्या हाताखाली होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीचा मुख्य प्रशिक्षक योआखिम ल्योवने त्याला जर्मनीच्या संघात सहायक म्हणून घेतलं. आठ वर्षं तो ल्योवच्या शेजारी बसला. 2008 च्या युरोत ऑस्ट्रियाविरुद्ध ल्योवला बाकावरून हाकललं गेलं, त्यामुळे पुढच्या सामन्यात तो वर प्रेक्षकांत. 19 जून, बाझल, उपांत्यपूर्व फेरी, समोर पोर्तुगाल, आणि रेषेजवळ उभा फ्लिक. जर्मनी 3-2 ने जिंकली. तीनपैकी दोन गोल श्वाइनस्टायगरच्या फ्री किकवर हेडरने आले, एक क्लोजेचा आणि एक बालाकचा.

फ्री किकचं हे सूत्र पुढे 2014 मध्ये ब्राझीलला फळाला आलं. ल्योवला सेट-पीसचं, म्हणजे कॉर्नर-फ्री किकसारख्या थांबलेल्या बॉलवरच्या चालींचं, फारसं वेड नव्हतं, त्याचा जीव चालत्या खेळात. फ्लिकने ती बाजू उचलून धरली आणि विश्वचषकाआधी त्यावर वेळ घालवून घेतला. आता गोल आठवा. पोर्तुगालविरुद्ध क्रोसचा कॉर्नर आणि हुमेल्सचं हेडर. घानाविरुद्ध पिछाडीवर असताना कॉर्नरवरून क्लोजे. फ्रान्सविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीत तेराव्या मिनिटाला क्रोसची फ्री किक, पुन्हा हुमेल्स, आणि सामना तेवढ्या एकाच गोलवर जिंकला. ब्राझीलविरुद्धच्या त्या 7-1 मधला पहिला गोलसुद्धा कॉर्नरवरच होता, म्युलर दूरच्या खांबाशी एकटा उभा. अल्जीरियाविरुद्ध एका फ्री किकवर म्युलर धावताना मुद्दाम अडखळला होता, लोक हसले होते. ती चाल फसली, पण तशी चाल बसवायला कोणीतरी वेळ दिला होता हे त्यातून कळतं.

सहायकाचं कौशल्य हे असं असतं. मुख्य प्रशिक्षकाला काय दिसत नाही, किंवा त्याला कशात रस नाही, ते ओळखायचं आणि ती जागा भरायची. हाफ मैदानावर जे करतो तेच, फक्त बाकावर बसून. मुख्य प्रशिक्षकाला रोज दहा सल्ले देऊ नका. एक विभाग मागून घ्या. कॉर्नर घ्या, गोलकीपरचं बॉल पुढे टाकणं घ्या, नाहीतर बदली खेळाडूंची तयारी घ्या. तो विभाग इतका नीट करा की मोसमाअखेर आकडा बोलेल.

शाळकरी संघासाठी कॉर्नरची एक चाल सांगतो, आम्ही ती तीन वर्षं वापरतोय. चार पोरं पेनल्टीच्या ठिपक्याजवळ एकामागे एक, रेल्वेच्या डब्यांसारखी उभी करायची. बॉल मारणारा हात वर करतो, खाली आणतो, आणि हात खाली येताच डबे फुटतात. पहिला जवळच्या खांबाकडे, दुसरा दूरच्या, तिसरा गोलकीपरच्या पुढ्यात, चौथा तिथेच थांबतो आणि मागे सुटलेला बॉल खेळतो. समोरच्या बॅकना एकाच रांगेतली चार पोरं वाटून घेता येत नाहीत, कोणी कोणाला धरायचं ते ठरायच्या आत बॉल आलेला असतो. सरावाच्या शेवटी रोज दहा मिनिटं, दहा कॉर्नर. आधी समोर बचाव न ठेवता करा, दुसऱ्या आठवड्यापासून बचावासह.

त्यानंतरची त्याची वर्षं भराभर सांगतो. 2014 ते 2017 जर्मन महासंघात क्रीडा संचालक, मग काही महिने होफेनहाइममध्ये व्यवस्थापनात. टेबलाचं काम. तिथून तो पुन्हा गवतावर आला तो 2019 मध्ये, चोपन्नाव्या वर्षी, आणि तेही पुन्हा सहायक म्हणूनच, बायर्नमध्ये निको कोवाचच्या हाताखाली.

संघ हातात आला त्या आठवड्यात

2 नोव्हेंबर 2019 ला बायर्न फ्रँकफुर्टमध्ये 5-1 हरलं. दुसऱ्या दिवशी कोवाच गेला आणि फ्लिकला 'तात्पुरता' म्हणून संघ मिळाला. चार दिवसांत पहिला सामना जिंकला, त्या शनिवारी डॉर्टमुंडला 4-0 हरवलं.

इतक्या कमी वेळात नवीन पद्धत शिकवता येत नाही. मग त्याने केलं काय? माणसं आपापल्या जागी नेली. थॉमस म्युलर कोवाचच्या शेवटच्या काळात बाकावर बसत होता. फ्लिकने त्याला पुन्हा मधोमध आणलं आणि त्या मोसमात म्युलरने बुंडेसलिगात 21 गोल दुसऱ्यांना करून दिले, तो विक्रम झाला. अलाबा मधल्या बॅकला आणि पोरसवदा अल्फोन्सो डेव्हिस डाव्या बॅकला, ही मांडणी दुखापतींमुळे सुरू झाली होती. फ्लिकने ती कायम केली, कारण डेव्हिसचा वेग पाठीशी असला की सगळी रांग वर जाऊ शकते. आणि सगळ्यांना एक सोपी गोष्ट सांगितली: बॉल गेला की मागे पळू नका, पुढे पळा.

मधे लेव्हरकुझेन आणि ग्लाडबाखविरुद्ध लागोपाठ दोन सामने गेले, पण त्याने मांडणी बदलली नाही. पुढे ऑगस्टमध्ये लिस्बनला बार्सिलोनाविरुद्ध 8-2, आणि 23 तारखेला अंतिम लढतीत पॅरिसविरुद्ध 1-0. किमिखचा क्रॉस, कोमानचं हेडर. चॅम्पियन्स लीगचे त्या मोसमातले अकराच्या अकरा सामने जिंकले.

तुमच्या हातात असा मधूनच एखादा संघ आला, आणि आपल्याकडे तो तसाच येतो, तर पहिले दोन दिवस बॉल कमी आणि बोलणं जास्त ठेवा. प्रत्येक पोराला बाजूला घ्या आणि दोनच प्रश्न विचारा: "तुला कुठे खेळायला आवडतं?" आणि "कुठे खेळताना भीती वाटते?" दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. माझ्या संघात एक उंच मुलगा होता. उंच म्हणून सगळ्यांनी त्याला बॅकला ठेवलेलं. विचारल्यावर म्हणाला, पाठीमागे कोणी धावत गेलं की धडकी भरते. त्याला हाफला आणलं. आता त्याच्या पाठीशी तिघं असतात आणि तो मान वर करून खेळतो.

उंच रांग: मी कशी चुकलो आणि आता कशी शिकवतो

फ्लिक म्हटलं की आज सगळे हीच गोष्ट विचारतात. 26 ऑक्टोबर 2024, माद्रिद, बर्नाबेउ. फ्लिकच्या बार्सिलोनाची बॅकची रांग जवळजवळ मध्यरेषेशी. रेआल माद्रिद बारा वेळा ऑफसाइड, म्हणजे पास निघताना त्यांचा माणूस शेवटच्या बॅकच्याही पुढे पोचलेला, त्यात एकटा एम्बापे आठ वेळा, त्याचे गोलही रद्द झाले. पहिल्या अर्ध्यात 0-0, शेवटी 4-0 बार्सिलोना. रांगेच्या मधोमध अनुभवी इनिगो मार्टिनेझ आणि त्याच्या शेजारी सतरा वर्षांचा पाउ कुबार्सी.

मी ते बघून भारावलो आणि पुढच्याच शनिवारी आमच्या पोरांची रांग वर नेली. आम्ही नऊ-नऊ खेळतो, मागे तिघं. पहिल्या वीस मिनिटांत पाच गोल खाल्ले, शेवटी 0-9. सामन्यानंतर मधल्या बॅकला खेळणारा पोरगा बुटाची नाडी सोडता सोडता थांबला, वर बघून म्हणाला, "तुम्ही सांगितलं तसंच केलं ना आम्ही?" हो, अगदी तसंच केलं होतं. त्या प्रश्नाने मला रात्रभर झोप लागली नाही. पोरांनी सगळं बरोबर केलं होतं, सांगणाऱ्याने अर्धंच सांगितलं होतं.

राहिलेलं अर्धं मी त्याच सामन्याची चित्रफीत पुन्हा बघून शोधलं. ह्यावेळी कुबार्सीकडे बघितलंच नाही. माद्रिदचा जो खेळाडू पास देणार त्याच्याकडे बघितलं. बहुतेक वेळा त्याच्या अंगावर कोणीतरी होतं. रफिन्या, पेद्री, कासादो, कोणीतरी. त्याची मान खाली, पाय घाईत. त्याला एम्बापे कधी सुटतो ते हवं तेव्हा बघता येत नव्हतं, पास अर्धा सेकंद उशिरा निघत होता, आणि त्या अर्ध्या सेकंदात रांग वर सरकत होती. आमच्या शनिवारच्या सामन्यात समोरचा हाफ मोकळा होता. मान वर, पाय शांत. अशा माणसासमोर रांग वर ठेवली की त्याच्यासाठी दार उघडंच ठेवल्यासारखं होतं.

उंच रांग बॅकपासून सुरू होत नाही, बॉलवाल्यापासून होते. हे फ्लिकसारख्या जुन्या हाफला सुचावं ह्यात मला नवल वाटत नाही. अंगावर माणूस आला की डोळे खाली जातात, हे त्याने स्वतःच्या पायांवर अनुभवलेलं आहे.

आता आम्ही असं शिकवतो. अर्धं मैदान घ्या. मागे तीन किंवा चार बॅक आणि गोलकीपर, त्यांच्यासमोर तीन फॉरवर्ड. मध्यरेषेजवळ पास देणारा एक आणि त्याच्यावर धावून जाणारा एक. पहिली दहा मिनिटं पास द्यायचाच नाही. पास देणारा फक्त अवस्था बदलतो. तो पाठ फिरवतो, मागे पास देतो, किंवा त्याच्यावर माणूस येऊन मान खाली जाते, तेव्हा रांग तीन पावलं वर. तो मोकळा आहे आणि मान वर आहे, तेव्हा रांग तिरकी वळून मागे, एक खांदा गोलकडे, एक बॉलकडे. इथली पोरं वर जाताना 'राउस' म्हणून ओरडतात, म्हणजे 'बाहेर'. कोल्हापुरात 'वर!' पुरे. ओरडायचं एकाच पोराने, मधल्या बॅकने. दोघं ओरडले की रांग मोडते.

दहा मिनिटं नुसतं वर-खाली केलं की मग खरे पास सुरू करा. बॉलकडे बघणारा बॅक आणि शेजाऱ्याकडे बघणारा बॅक ह्यांतला फरक तुम्हाला लगेच दिसेल. प्रत्येकाने बॉलही बघायचा आणि शेजाऱ्याचा गुडघाही. एकाचा गुडघा जरी मागे राहिला तरी ऑफसाइड गेला. 2022 मध्ये कतारच्या विश्वचषकात जपानविरुद्ध फ्लिकच्याच जर्मनीचं हेच झालं. 83 वं मिनिट, 1-1, जपानच्या अर्ध्यातून इताकुराची लांब फ्री किक. फ्री किकवर बॉलवाल्याच्या अंगावर कोणी जाऊच शकत नाही, त्याची मान वरच असते. अशा वेळी रांग सरळ असणं हाच एक आधार. झ्युले मागे राहिला, असानो ऑफसाइड ठरला नाही आणि त्याने नॉयरच्या डोक्यावरून बॉल जाळ्यात मारला. हा गोल मी पोरांना दहा वेळा दाखवला असेल. दाखवताना कोणाला नावं ठेवत नाही, फक्त चित्र थांबवतो आणि विचारतो, "पास देणाऱ्याला आत्ता काय दिसतंय?"

दोन नियम आधीच पक्के करून घ्या. स्वतःच्या अर्ध्यात असलेला फॉरवर्ड ऑफसाइड नसतो, म्हणून रांग मध्यरेषेपलीकडे नेऊन काही मिळत नाही. आणि थ्रो-इन, गोल किक, कॉर्नर ह्यांच्यावर थेट ऑफसाइड नसतो, तिथे हात वर करून पंचांकडे बघत उभं राहिलं की गोल खाल्लाच. आणखी एक. आपल्याकडच्या बऱ्याच सामन्यांत रेषेवरचा पंच चढत्या रांगेबरोबर धावत नाही. ज्या सामन्यात रेषेवर पंचच नाही तिथे ही रांग दहा मीटर खाली ठेवा.

काढून टाकलं जाणं

हेही सांगितलं पाहिजे, कारण शिकवायला लागलात की कधी ना कधी कोणीतरी तुमच्या हातातून संघ काढून घेणारच. फ्लिकने जर्मनीचा प्रशिक्षक म्हणून पहिले आठ सामने ओळीने जिंकले होते. मग कतारमध्ये साखळीतच बाहेर. 9 सप्टेंबर 2023 ला वोल्फ्सबुर्गमध्ये जपानकडून 4-1, आणि दुसऱ्या दिवशी बडतर्फ. जर्मन महासंघाने आजवर राष्ट्रीय प्रशिक्षकाला असं काढलं नव्हतं, तो पहिला. पुढचे आठ महिने तो कुठल्याच बाकावर नव्हता. 2024 च्या मेमध्ये बार्सिलोनाने बोलावलं. पहिल्याच मोसमात सुपर कप, कोपा देल रे आणि लीग, तिन्ही. चॅम्पियन्स लीगमध्ये इंटरने दोन सामन्यांत मिळून 7-6 असं बाहेर काढलं, तरी रांग त्याने वरच ठेवली.

तुमचा संघ गेला तर मोसमाची वही फेकू नका आणि पोरांच्या घरच्यांशी बोलणं तोडू नका. दुसऱ्या कुठल्या मैदानावर लगेच धावूही नका. दोन-तीन महिने नुसते सामने बघा, बाहेरून, कोणाचेही.

भाच्याने जूनमध्ये सुरुवात केली. पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता सोळा पोरं आली, बॉल चार, त्यातला एक पंक्चर. फोन करून म्हणाला, गोलचे खांबसुद्धा नाहीत, आता कसं करू. मी म्हटलं, चपला आहेत ना? छोटी दोन मैदानं आख, प्रत्येकात चार छोटे गोल चपलांचे कर, तीन-तीनचे संघ खेळव, गोलकीपर नको. इथे जर्मनीत सगळ्यात लहान पोरांना आता असंच खेळवतात. दर चार मिनिटांनी संघ बदल. बाराजण खेळतील, उरलेली चार पोरं बाहेर उभी राहून एकच काम करतील: बॉल ज्याच्या पायात आहे त्याची मान वर असली की मोठ्याने 'वर' म्हणायचं, खाली असली की 'खाली'. अर्ध्या तासाने त्याने व्हिडिओ पाठवला. पाऊस सुरू झालेला, चपला वाहून चाललेल्या, आणि चार पोरं कडेला उभी राहून घसा फोडून ओरडत होती: खाली, खाली, वर, खाली.